मालतीताई, त्या दिवशी पलसाण्याची खोली बंद होती

मालतीताई, तुमचा ग्राफ चुकला होता. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, तेही तुमच्या फोटोवरचा हार अजून ताजा असताना. लोक म्हणाले असतील, या अभयला काळवेळ काही कळत नाही. खुशाल म्हणू दे. माझ्या जागी तुम्ही असता तर हार घालायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या असता. आता तुमच्याखेरीज सगळ्यांना ते कळलंय आणि नेमकं हेच मला सहन होत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितोय.

गेल्या गुरुवारी तुम्ही गेलात. कावीळ अंगावर काढलीत. डोळे हळदीसारखे झालेले, तरी "स्क्रीनकडे बघून बघून होतं असं" म्हणत रिंग रोडच्या ऑफिसात येत राहिलात. दोन हजार साल उजाडताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून ऑफिसात जो तो घाबरलेला, आणि तुम्ही सगळ्यांच्या मशीन तपासत फिरत होता. स्वतःला तपासायला मात्र तुम्हाला सवड झाली नाही. याचा मला फार राग आहे, ताई. रडून झाल्यावरही तो उरलाच आहे.

मी आलो तेव्हा कॉम्प्युटर खात्यात तुम्ही एकट्याच होता. माझे वडील बँकेत, आम्ही नाशिकचे, म्हणून तुम्ही मला "बँकवाल्याचा पोरगा" असं नाव ठेवलंत. तुम्ही चाळीसगावकडच्या, गोडादऱ्यात राहणाऱ्या. भाऊ लूमच्या कारखान्यात फोरमन. घरी फोन आला की तुमची अहिराणी सुरू व्हायची, शेठ आले की गुजराती, आणि माझ्याशी बोलताना शाळामास्तरांसारखं मराठी. मला अरे-तुरे करायचात आणि माझ्या तोंडून चुकून "तू" निघालं की चष्म्यावरून बघायचात. मी तुमच्या हाताखाली काम केलं असं म्हणतात खरं. पण अर्धा वेळ आपण भांडतच होतो.

ती जुनी मशीन कोणाला नको होती. तुम्ही ती मागून घेतलीत, तिच्यावर फुकट मिळणारा प्रोग्राम चढवलात आणि तिला एकच काम दिलंत. ऑफिसच्या सगळ्या लाइनी ज्या डब्यातून जातात त्या राउटरला दर पाच मिनिटांनी तिनं विचारायचं, या लाइनीतून किती आलं, त्या लाइनीतून किती गेलं? आपल्या लाइनी दोनच. एक रिंग रोडहून पलसाण्याच्या प्रोसेस हाउसला जाणारी, जिथे कोरं कापड रंगून-छापून निघतं. दुसरी इंटरनेटची, जी वरच्या मजल्यावर शेठ आणि त्यांचे पुतणे केतनभाई वापरतात. राउटरनं आकडा सांगायचा, मशीननं त्यातून मागचा आकडा वजा करायचा आणि उरेल तेवढी हिरवी रेघ काढायची. या विचारपुशीला एसएनएमपी म्हणतात हे तुम्ही शेठना सांगायला गेलात, तर त्यांनी कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं.

मग तुम्ही म्हणालात, "शेठ, तमारे घेर लाइटनुं मीटर जोवा माणस आवे छे ने? एवुं ज. पण आ दर पांच मिनिटे आवे, ने चा पण नहीं मागे."

शेठ खो खो हसले आणि मशीनला जागा मिळाली. माणसाला त्याच्या घरातलंच उदाहरण देऊन गुंडाळायचं, ही तुमची हातोटी होती. राउटरनं वाटेल त्याला उत्तर देऊ नये म्हणून एक परवलीचा शब्द ठेवावा लागतो. तो तुम्ही ठेवलात. इथे लिहीत नाही, पण खायची वस्तू आहे आणि खान्देशातली आहे. तो टाइप करताना दर वेळी मला भूक लागते.

आपलं सगळ्यात मोठं भांडण नंबर आणि नावावरून झालं. राउटरच्या लेखी प्रत्येक लाइनीला एक नंबर असतो. तुम्ही मशीनला सांगून ठेवलंत की दोन नंबरची ती पलसाणा, तीन नंबरची ती इंटरनेट. मी म्हणालो, ताई, नंबर बदलू शकतो. आकडा विचारायच्या आधी लाइनीचं नाव विचारू या, मग आकडा घेऊ. तुम्ही म्हणालात, "दर पाच मिनिटांनी नाव काय विचारायचं? राउटर आहे तो, स्थळ घेऊन आलेला पाहुणा नाही." मी म्हणालो, एक प्रश्न जास्त पडेल, पण खात्री राहील. तुम्ही म्हणालात, उगाच कामाला काम वाढवू नकोस. चार दिवस आपण त्यावर तोंडं फिरवून बसलो. पाचव्या दिवशी तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा आणलात, मी ते खाल्लं आणि विषय तिथेच पडला. मिटला नाही, पडला.

दिवाळीच्या सुट्टीत राउटरचं एक कार्ड बिघडलं. बाहेरचा इंजिनिअर आला, कार्डं काढली, नवं घातलं, पुन्हा बसवली. बसवताना खाचा बदलल्या. त्यानं लाइनी नीट चालू करून दिल्या, सगळीकडे काम सुरू झालं, आपण त्याला फरसाण खाऊ घालून पाठवलं. पण राउटरच्या लेखी दोन नंबरची लाइन तीन झाली आणि तीनची दोन. आपल्या मशीनला हे कोण सांगणार? ती आपली जुन्याच नंबरांना जुनीच नावं देत राहिली. हे आज मी सरळ सांगतोय, तेव्हा तुम्हाला सुचलं नाही आणि मलाही नाही.

दिवाळीनंतर पलसाण्याची हिरवी रेघ वर गेली ती खाली येईना. सकाळी ऑफिस उघडल्यापासून बंद होईपर्यंत लाइन काठोकाठ भरलेली. पलसाण्याच्या खोलीत चार बायका बसतात. कापडाचा कोणता लॉट आला, किती मीटर, कोणता रंग, कधी गेला, एवढं त्या टाइप करतात. त्यानं लाइन भरूच शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच तुम्ही म्हणालात की त्या भलतंच काहीतरी करत असणार, गेम खेळत असतील, फायली इकडून तिकडे पाठवत असतील. तुम्ही ग्राफ छापलात, पलसाण्याला गेलात आणि त्यांच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलात. मी तुमच्यासोबत आलो होतो. ते सगळं मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय.

रेखा उठून उभी राहिली. गोडादऱ्यात तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहणारी रेखा. तिला टाइपिंग तुम्ही शिकवलंत, नोकरीला तुम्ही लावलंत आणि त्या घरात पगार येतो तो तिचाच. कागदाकडे बघून ती म्हणाली, "ताई, इतलं आमी टाइप करतसच नही. हात तुटी जातीन."

तुम्ही म्हणालात, "मशीन खोटं बोलस नही, रेखा. मंग कोन बोलस?"

ती खाली बसली. परत येताना टेम्पोत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, ताई, जरा थांबा, आणखी तपासू. तुम्ही उसळून म्हणालात, "माझ्या ओळखीच्या आहेत म्हणून आकडे दाबू? उद्या शेठ म्हणतील, गोडादऱ्याच्या बायकांना गोडादऱ्याची बाई पाठीशी घालते." तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. आजही वाटतो. तुम्ही आपल्या माणसांना सूट दिली नाहीत. फक्त ज्याच्या भरवशावर सूट दिली नाहीत ते चुकीचं निघालं.

तुम्ही शेठना रिपोर्ट दिलात. शेठ म्हणाले, मग ती खोली हवीच कशाला? नव्या महिन्यापासून चौघींना घरी पाठवू, लॉटच्या चिठ्ठ्या रोज टेम्पोनं इकडे येतील, इथेच नोंदी होतील. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. पण रिपोर्टही मागे घेतला नाहीत. पुढे तुम्ही दवाखान्यात असताना रेखानं उसाचा रस पाठवला. कुणी दिला म्हणून तुम्ही विचारलंत, भाऊंनी तिचं नाव सांगितलं, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तो रस संध्याकाळपर्यंत तसाच होता. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो.

गुरुवारी बातमी कळल्यावर पलसाण्याच्या चौघींनी कोणालाही न विचारता मशीन बंद केल्या, खोलीला कुलूप घातलं, किल्ली वॉचमनकडे दिली आणि कापडाच्या टेम्पोत बसून गोडादऱ्याला आल्या. मीही तिथेच होतो. रेखा गल्लीच्या टोकाला उभी होती, पदर तोंडात धरून. तुमच्या जवळ आली नाही. बाकीच्या तिघी तिला ओढत होत्या, तरी आली नाही. जी बाई आपल्याला खोटारडी समजून गेली तिच्या पाया कसं पडायचं, असं तिला वाटलं असेल. रिंग रोडचं ऑफिस मात्र दिवसभर उघडं होतं. केतनभाई परदेशच्या गिऱ्हाइकासाठी इंटरनेटवरून डिझाइनची चित्रं उतरवून घेत होते.

शुक्रवारी सकाळी मी तुमच्या मशीनसमोर बसलो. काम नव्हतं. तुम्ही केलेलं काहीतरी चालू आहे एवढंच बघायचं होतं. आदल्या दिवसाचा ग्राफ उघडला. पलसाण्याच्या नावाखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवीगार भिंत. कुलूप लावलेल्या खोलीतून, बंद मशीनमधून, ज्या चौघी तुमच्या गल्लीत रडत होत्या त्यांच्या नावावर, दिवसभर. आणि इंटरनेटच्या नावाखाली सकाळी थोडंसं काही, मग सपाट, जणू त्या लाइनीवर कोणी बसलंच नाही.

मी राउटरलाच विचारलं, दोन नंबर, तुझं नाव काय? तो म्हणाला, इंटरनेट. तीन नंबर, तुझं? पलसाणा.

आपलं भांडण मी जिंकलो, ताई. असं जिंकणं देवानं कोणाला देऊ नये. तुम्ही असता तर मी खुर्चीतून उडी मारली असती, "बघा, बघा, स्थळ घेऊन आलेला पाहुणा!" असं ओरडलो असतो, तुम्ही चिडून "बस झालं" म्हणाला असता आणि पुढच्या पाच मिनिटांत नवा उपाय घेऊन बसला असता. मी एकटाच त्या दोन नावांकडे बघत राहिलो. तुम्ही माझ्यावर चिडायला हव्या होता. एवढं तरी मला मिळायला हवं होतं.

अकाउंट्सच्या जयेशभाईंना मी ते दाखवलं. ते भले माणूस. म्हणाले, "अभय, हमणां रहेवा दे. बेननुं नाम बगडशे. तेरमुं पती जाय पछी बोलजे." तेरावं होईपर्यंत नवा महिना लागणार होता आणि चौघी घरी बसलेल्या असणार होत्या. पण जयेशभाईंचं म्हणणं मला झटकूनही टाकता येईना. तुमच्या नावाला मी बट्टा लावायचा? ज्या बाईनं मला राउटर म्हणजे काय ते शिकवलं तिची चूक ऑफिसात वाटत फिरायची? शुक्रवारभर मी हेच चघळत होतो. शेवटी एवढंच ठरवलं की शोकसभा होऊ द्यायची आणि सोमवारी शेठना एकट्यात गाठायचं.

शेठनी ते होऊ दिलं नाही. शनिवारी खालच्या मोठ्या खोलीत सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. भाऊ पुढे. तुमचा फोटो टेबलावर, ऑफिसच्या सहलीतला, ज्यात तुम्ही हसायचं टाळताय. शेठ उठले. ते मनापासून बोलत होते, हे मी कबूल करतो. म्हणाले, मालतीबेननी या कंपनीला डोळे दिले. आणि मग म्हणाले, "आ बेननो छेल्लो रिपोर्ट छे. एनुं मान राखीए. पलसाणानो रूम सोमवारथी बंध."

तुमच्या मानासाठी, ताई! तुमच्या नावानं! नवा महिनासुद्धा नाही, सोमवार. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. म्हणालो, "शेठ, रिपोर्टमां भूल छे."

जयेशभाईंनी माझा शर्ट धरून खाली ओढला. शेठ म्हणाले, "शुं बोले छे?" मी भाऊंकडे बघितलं. त्यांच्यासमोर, त्या फोटोसमोर, कसं सांगू? भाऊंनी मान वर केली. "तिनी भूल व्हती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मंग सांग ना भाऊ. तिले चूक झाकानी सवय नव्हती."

मग मी थांबलो नाही. सगळ्यांना तुमच्या मशीनपाशी घेऊन गेलो. शेठ, भाऊ, केतनभाई, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, जेवढी माणसं त्या अरुंद खोलीत मावली तेवढी. पलसाण्याला फोन लावून रेखाला काम चालू ठेवायला सांगितलं आणि फोन जयेशभाईंच्या हातात दिला. वर केतनभाईंच्या मशीनवर चित्रं उतरतच होती. मग मी राउटरमागे हात घालून इंटरनेटची तार उपसली. म्हणालो, आता बघा. बघण्यासारखं लगेच काही नव्हतं. मशीन तिच्या वेळेलाच विचारणार आणि एकदा विचारून भागणार नव्हतं, दुसऱ्यांदा विचारल्यावरच आकडा स्वच्छ येणार होता. सगळे उभे राहिले. शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहताना जी माणसं चुळबुळतात, तीच माणसं तुमच्या मशीनसमोर कितीतरी वेळ गप्प उभी होती. तेवढ्यात मला एकदाच भीती वाटली, मी चुकलो असेन तर?

रेघ पडली. 'पलसाणा' असं नाव लिहिलेली रेघ, तार इंटरनेटची काढलेली असताना, जमिनीवर आली. जयेशभाईंनी फोनमध्ये विचारलं, "रेखाबेन, तमारुं चालु छे?" फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला. "हो, चालू आहे. काय झालं?"

शेठ मूर्ख नाहीत. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग उपसलेल्या तारेकडे, मग केतनभाईंकडे. "तो आ लाइन कोण खाय छे?" केतनभाई आपल्या चपला बघू लागले. शेठ म्हणाले, रूम चालू राहील. मग फोटोच्या दिशेनं हात जोडून म्हणाले, "बेन होत तो तारी खेर नहोती, केतन." भाऊ हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तुमचं नाव बिघडलं नाही, ताई. जयेशभाई उगाच घाबरले. उलट परवा शेठनी हजिऱ्याच्या गोदामालाही असंच मीटर बसवायला सांगितलं, आणि मी बसवणार. आधीच सांगतो, मशीन आता प्रत्येक वेळी नाव विचारते आणि मगच आकडा घेते. एक प्रश्न जास्त पडतो. त्यानं लाइन काही मेलेली नाही. आणि एक. बिघाड झाला तर कोणाला बोलवायचं, ते राउटरमध्येच लिहिलेलं असतं, विचारलं की तो सांगतो. तिथे तुमचं नाव होतं. शेठ म्हणाले, बदल. मी दोन दिवस हात लावला नाही. काल बदललं. पलसाण्याची लाइन पडली आणि राउटरनं तुम्हाला बोलवायला सांगितलं, असं मला चालणार नाही. हे काम आता माझं आहे आणि ते मी सोडणार नाही.

काल संध्याकाळी भाऊंना भेटायला गोडादऱ्याला आलो होतो. रेखा तिथे होती. भाऊंसाठी डबा घेऊन आली होती. मी तिला म्हणालो, शेठनी तोंडी सांगितलं ते आता लेखीही दिलंय, तुमची नोकरी पक्की आहे. तिनं मान हलवली. नोकरीचं तिला आधीच कळलं होतं. डबा खाली ठेवून ती तुमच्या फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते बठ्ठं ठीक शे, भाऊ. पण आते ताईले कोन सांगी?"

मी म्हणालो, मी सांगतो.

ताई, रेखा खरं बोलत होती.